पाठीला खोचलेलं पिस्तूल: मणक्यावरची जागा का सोडावी

शस्त्र परवाना हातात पडला, हत्यार घरी आलं, की पहिला प्रश्न पडतो तो अंगावर ठेवायचं कुठे. आणि हात आपसूक पाठीमागे जातो. पोट सुटलेलं असलं तरी तिथे टोचत नाही, शर्ट बाहेर सोडला की झाकलं जातं, आरशासमोर उभं राहिलं तर काही दिसत नाही. सिनेमात तर वर्षानुवर्षं हेच पाहिलेलं: पँटच्या मागच्या बाजूला खोचलेलं पिस्तूल आणि वरून जाकीट.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कमरेच्या मागे, बरोबर मणक्यावर हत्यार ठेवू नये. होल्स्टर, म्हणजे पट्ट्याला लावायचं हत्याराचं म्यान, कितीही चांगलं असलं तरी नाही. तिथे जे काही बिघडतं ते नजरेआड बिघडतं. ट्रिगरपाशी कापड अडकलं, होल्स्टरचं बटण सुटलं, मूठ शर्टाबाहेर आली, मागच्या माणसाचा हात लागला, यातलं एकही तुम्हाला दिसत नाही. भरलेल्या हत्याराच्या बाबतीत कळायला दोन सेकंद उशीर झाला तरी फार होतं.

जागेबद्दल बोलताना अमेरिकेतले शिकवणारे कमरेभोवती घड्याळ कल्पितात, आपणही तेच वापरू. बेंबी म्हणजे १२, उजव्या बाजूची पँटची शिवण म्हणजे ३, मणका म्हणजे ६. पुढचं सगळं उजव्या हाताच्या माणसाला धरून आहे, डावखुऱ्यांनी उलटं करून घ्यावं. कमरेचा घेर ९० सेंटिमीटर असेल तर एक तास म्हणजे साडेसात सेंटिमीटर. हा हिशोब पुढे कामाला येईल.

सगळ्यात आधी बिनहोल्स्टरचं खोचणं निकालात काढू. पँटच्या पट्ट्यात नुसतं खोचलेलं हत्यार फक्त दाबावर टिकतं. उभं असताना पट्टा घट्ट असतो. खाली वाकलात, उकिडवे बसलात की पँट मागून उघडते आणि दाब जातो. मग हत्यार एक तर पँटच्या पायातून घसरत खाली येतं, नाही तर मुठीच्या वजनाने मागे कलंडून फरशीवर पडतं. नळी आत खोल गेली तर कापड थेट ट्रिगरवर घासतं, कारण ट्रिगर झाकणारं काहीच नसतं. नाडीच्या पायजम्यात हत्यार खोचणं हा तर विचारच सोडून द्या. नाडी अर्ध्या किलोचं लोखंड धरू शकत नाही.

पडणाऱ्या हत्याराबद्दल एक नियम पक्का बसवून घ्या: झेलायला जायचं नाही. हवेत झेलताना बोटं जिथे शिरतात ती जागा बहुतेक वेळा ट्रिगर गार्डच, म्हणजे ट्रिगरभोवतीची कडीच, असते. पडू द्या. आजकालची चांगली पिस्तुलं पडून उडू नयेत अशीच बनवलेली असतात. जुन्या घडणीच्या रिव्हॉल्व्हरची गोष्ट वेगळी. काहींत हॅमर, म्हणजे काडतुसावर आपटणारी हातोडी, खाली असताना त्याचं टोक काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, आघाताने पेटणाऱ्या टोपीला टेकून राहतं, आणि हॅमरवर जोराचा आघात बसला तर गोळी सुटते. असा आघात टोपीपर्यंत जाऊ न देणारी सोय, जिला ट्रान्सफर बार किंवा हॅमर ब्लॉक म्हणतात, ती आपल्या हत्यारात आहे का हे परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याला उघडून दाखवायला सांगा. नसेल तर सहाच्या चक्रात पाचच काडतुसं भरायची आणि हॅमरखालचं घर रिकामं ठेवायचं. ही शंभर वर्षांपूर्वीची सवय आहे आणि आजही तितकीच खरी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईत एका प्रसिद्ध अभिनेत्याच्या पायात त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधली गोळी गेली. पहाटे घरून निघताना हत्यार ठेवत असताना ते हातातून पडलं, असं तेव्हा सांगण्यात आलं. पोटरी-गुडघ्यावर निभावलं म्हणून बातमी दोन दिवसांत विरली.

जाता जाता: अशा बातमीत आपल्याकडे हटकून "मिसफायर" लिहितात. मिसफायर म्हणजे ट्रिगर ओढूनही काडतूस न उडणं, नेमकं उलट. नको असताना उडालेल्या गोळीला हा शब्द लावला की दोष यंत्राचा वाटायला लागतो. बहुतेक वेळा तो हाताळणीचा असतो.

आता होल्स्टर वापरणाऱ्यांकडे येऊ. मागे लावायची होल्स्टरं मिळतात, त्यातली काही हत्यार जवळजवळ आडवं धरतात. खरा धोका हत्यार काढण्यापेक्षा परत घालण्यात आहे, आणि तो बारकाईने बघण्यासारखा आहे. होल्स्टर पाठीवर, मान कितीही वळवली तरी त्याचं तोंड दिसत नाही. उजव्या हातात भरलेलं पिस्तूल, शर्टाचा मागचा घेर वर धरायला दुसरा हात तिथे नीट पोहोचत नाही. शर्टाची दोन-तीन सेंटिमीटरची चुणी होल्स्टरच्या तोंडात शिरते. नळी आत जाते, कापड सोबत जातं आणि ट्रिगर गार्डमध्ये ट्रिगरच्या पुढे दुमडून बसतं. तुम्हाला जाणवतं ते इतकंच की हत्यार शेवटच्या सेंटिमीटरला अडलंय. स्वाभाविक प्रतिक्रिया काय? अजून दाबणं. ट्रिगर जागेवर अडलेला आणि पिस्तूल खाली चाललेलं, म्हणजे ट्रिगर ओढलाच गेला. ट्रिगरवरच बसवलेल्या सेफ्टीशिवाय हाताने लावायची वेगळी सेफ्टीची कळ नसलेल्या पिस्तुलांत अडीच किलोच्या आसपासचा दाब त्याला पुरतो, आणि पाठीमागून जोर लावणारा हात त्याहून कितीतरी जास्त लावतो. जाकिटाची दोरी, दोरीच्या टोकाचा प्लॅस्टिकचा गोंडा, जुन्या चामड्याच्या होल्स्टरची आत वळलेली ओठासारखी कड, हे सगळे हेच काम करतात. नळी तेव्हा नितंबाकडे, मांडीच्या मागच्या बाजूला रोखलेली असते.

म्हणून मागे ठेवणारे, आणि खरं तर बाजूला ठेवणारेही, यांनी घरातली पद्धत बदलावी. हत्यार होल्स्टरमध्ये घालायचं ते होल्स्टर हातात, डोळ्यांसमोर धरून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून. मग होल्स्टर आणि हत्यार मिळून एकच वस्तू समजून पट्ट्याला लावायची. संध्याकाळी काढतानाही तसंच, होल्स्टरसकट. यासाठी क्लिपचं किंवा पॅडलचं, म्हणजे पँटच्या आत सरकवायच्या पसरट पात्याचं, होल्स्टर सोयीचं पडतं. पट्टा ओवायच्या खाचांचं असेल तर पट्टा सोडून लावा, पण हत्यार अंगावरच्या होल्स्टरमध्ये आंधळेपणाने कोंबू नका. भरलेलं हत्यार जितक्या कमी वेळा होल्स्टरबाहेर येईल तितकं बरं.

काढण्याचं काय? उजव्या बाजूला, ३ ते ४ च्या जागी हत्यार असलं की डावा हात पोटावरून येऊन शर्ट वर ओढतो, उजवा हात मुठीवर बसतो, हत्यार सरळ वर येतं. नळी या सगळ्यात जमिनीकडे, आणि मग एकदाच पुढे वळते. मणक्यावरचं हत्यार काढताना डावा हात बाद होतो. उजव्या हाताने आधी अंगठ्याने शर्ट उचलायचा, तोच वर धरून ठेवायचा आणि त्याच हाताने मूठ पकडायची. तळहात आणि मूठ यांच्यामध्ये शर्टाची घडी येते ती इथेच. वरून गुडघ्यापर्यंतचा कुर्ता असेल तर अर्धा मीटर कापड गोळा करावं लागतं. मग हत्यार ओढलं की नळी आडवी होते आणि उजव्या नितंबावरून, मांडीवरून, उजवीकडे उभ्या असलेल्या प्रत्येक माणसावरून फिरत पुढे येते. उजवीकडे बहुतेक वेळा कोण असतं? घरचंच माणूस. तळहात बाहेर वळवून ओढायच्या होल्स्टरांत स्वतःच्या अंगावरून नळी फिरण्याची शक्यता आणखी वाढते.

खांद्याचाही विचार हवा. हात पाठीमागे नेऊन वर उचलणं ही हालचाल चाळिशी-पन्नाशीनंतर अनेकांना जमत नाही, आणि मधुमेह असलेल्यांत खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं. साधी चाचणी करा. हाताची मागची बाजू कमरेच्या मागे टेकवा आणि हात पाठीपासून दहा सेंटिमीटर दूर उचला, तिथे पाच सेकंद धरा. दुखलं किंवा जमलं नाही तर चर्चा संपली. आणि जमलं तरी जमिनीवर उताणं पडलेल्या अवस्थेत ते जमणार नाही, कारण हात, हत्यार आणि जमीन यांच्यामध्ये तुमचंच सगळं वजन असेल.

पडण्याचा विषय निघालाच आहे तर मणक्याबद्दल. पँटचा पट्टा मागे साधारण कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या जरा खाली, त्रिकास्थीवर, म्हणजे मणक्याच्या बुडाच्या त्रिकोणी हाडावर, येतो. मधल्या रेषेत हाताने चाचपून बघा: मणक्याची टोकं कातडीखाली लगेच लागतात, वर मांसाची गादी नाही. ओल्या फरशीवर पाय घसरून माणूस पाठीवर आपटतो तेव्हा सगळा मार पसरून बसायला हवा, तो तिथे पोलादाच्या एका कडेवर एकवटतो. याच कारणाने अमेरिकेतले अनेक पोलीस प्रशिक्षक बेड्यांची पाकिटंसुद्धा पट्ट्याच्या बरोबर मध्यावर लावू देत नाहीत. बेड्या तर पिस्तुलापेक्षा हलक्या.

आपल्याकडे पडणं म्हटलं की दुचाकी. दुचाकीवर पुढे वाकून बसलं की पँट मागून उघडते, शर्ट वाऱ्याने वर जातो, मूठ बाहेर डोकावते. मागे बसलेल्याच्या गुडघ्यांना, पोटाला ती लागते. खड्ड्यात गाडी आदळली की सैल पट्ट्यातलं हत्यार प्रत्येक वेळी थोडं वर सरकतं. आणि दुचाकीवरून पडणारा माणूस बऱ्याचदा पाठीवर घसरतो. दुचाकी चालवणाऱ्याने ६ ची जागा पूर्ण विसरावी, यात मला काही दुमत ऐकायचं नाही.

चारचाकीत त्रास वेगळा. सीटची पाठ आणि मणका यांच्यात हत्यार दबलं की माणूस नकळत पुढे सरकून, ढुंगण पुढे आणि पाठ मागे टेकवून बसतो. मग सीटबेल्टचा खालचा पट्टा ओटीच्या हाडांवरून सरकून मऊ पोटावर येतो. अपघातात हाडांनी झेलायचा झटका आतड्यांवर येणार. मागून दुसऱ्या गाडीने ठोकलं तर अंग सीटमध्ये दाबलं जातं आणि हत्यार मणक्यावर. या त्रासाला कंटाळून लोक हत्यार काढून बाजूच्या सीटवर किंवा दाराच्या कप्प्यात ठेवतात, ते त्याहून वाईट: जोराचा ब्रेक लागला की ते पायाखाली, पेडलांपाशी.

राखण हा तर मला सगळ्यात मोठा मुद्दा वाटतो. बाजूला असलेलं हत्यार कोपराने दाबून ठेवता येतं, गर्दीत हात सहज तिथे जाऊन राहतो, कुणाला कळतही नाही. पाठीमागचं हत्यार म्हणजे मागच्या माणसाच्या हातापाशी ठेवलेली वस्तू. लोकलच्या दारात, देवळाच्या रांगेत, लग्नाच्या मांडवात मागून रेटा येतो तेव्हा तुमच्या पाठीला काय लागलं हे मागच्याला तुमच्याआधी कळतं. कायद्याची भाषाही इथे उपयोगी आहे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हातशस्त्र होल्स्टरमध्ये किंवा तशा साधनात हवं, पूर्ण झाकलेलं हवं, आणि ते बाळगणाऱ्याला त्यावर परिणामकारक ताबा ठेवता आला पाहिजे. वाकल्यावर दिसणारी मूठ पहिल्या दोन अटींतली एक मोडते. ताब्याची अट मणक्यावरच्या जागेत पाळली जाते असं मला वाटत नाही. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर निष्काळजीपणे हत्यार वापरून कुणाचा जीव धोक्यात आणल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अमेरिकेतल्या मराठी मंडळींना नियम राज्याराज्यांत वेगळे लागतील. टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून पात्र प्रौढांना परवान्याशिवायही हातशस्त्र बाळगता येतं, पण मणका सगळीकडे सारखाच आहे.

मग ठेवायचं कुठे? फार लांब जायची गरज नाही. पँटच्या बाजूच्या शिवणीपासून मागे एक तास, म्हणजे ९० च्या कमरेला साडेसात सेंटिमीटर, तिथे होल्स्टरचा मध्य आणा. ही ४ ची जागा. मणक्यापासून ती १५ सेंटिमीटर दूर पडते. कंबरेच्या हाडाच्या मागे तिथे नैसर्गिक खळगा असतो, त्यात छोटं पिस्तूल बसतं. मूठ थोडी पुढे झुकेल असा १० ते १५ अंशांचा कल ठेवला तर वाकल्यावर ती शर्टाबाहेर टोक काढत नाही. कोपर तिथे पोहोचतं, डावा हात शर्ट उचलू शकतो, मान वळवली तर होल्स्टरचं तोंड दिसतं. ५ वर नेऊ नका. ५ म्हणजे ६ चेच बहुतेक सगळे दोष. पोटापुढची, १ ची जागा हल्ली लोकप्रिय आहे, पण तिथे नळी मांडीच्या मोठ्या रक्तवाहिनीवर येते. चांगल्या प्रशिक्षकाशिवाय ती सुरू करू नये.

पट्ट्यावर कंजुषी करू नका. ऑफिसला घालायचा ३० मिलिमीटरचा पातळ पट्टा हत्याराच्या वजनाने पिळला जातो आणि मूठ अंगापासून बाहेर कलते. ३८ मिलिमीटर रुंद, दोन थरांचं शिवलेलं चामडं घ्या. दुकानातच तपासा: पट्ट्याची एक बाजू हातात आडवी धरा, कड वर ठेवून. तीसेक सेंटिमीटर पट्टा फार न लोंबता पुढे राहिला तर घ्या, दोरीसारखा खाली आला तर ठेवून द्या. होल्स्टरमध्ये ट्रिगर गार्ड पूर्ण झाकला पाहिजे, आणि तो भाग बाहेरून बोटाने दाबल्यावर आत ट्रिगरपर्यंत जाता कामा नये. नायलॉनची मऊ, "सगळ्यांना बसणारी" होल्स्टरं इथेच नापास होतात. हत्यार बाहेर काढल्यावर तोंड उघडं राहिलं पाहिजे. मग रिकामं हत्यार घालून गादीवर होल्स्टर उलटं धरून हलवा. सुटलं तर परत करा.

रिकामं म्हणजे किती रिकामं? मॅगझीन, म्हणजे गोळ्यांची पेटी, आधी काढायचं, मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, मागे ओढून चेंबर, म्हणजे नळीच्या मागचं गोळीचं घर, डोळ्याने बघायचं आणि करंगळीने चाचपायचं. क्रम उलटा केला तर मॅगझीनमधली गोळी स्लाइडसोबत पुन्हा चेंबरमध्ये येते. रिव्हॉल्व्हर असेल तर सहाही घरं मोजायची. आपल्याकडची जुन्या घडणीची कानपूरची .३२ रिव्हॉल्व्हरं मधे मोडून उघडतात, त्यांत घरं एका नजरेत दिसतात. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलुपात. त्यानंतरच नवी जागा घरात एक दिवस वापरून बघा: खुर्चीत बसा, उठा, बुटाची नाडी बांधा, वरच्या फळीवरचा डबा काढा, गाडीत बसून सीटबेल्ट लावा. प्रत्येक हालचालीनंतर घरच्या कुणाला तरी मागून बघायला सांगा. आरसा पुढून दिलासा देतो, घरचे मागून खरं सांगतात. सहा-सात तासांनी कातडीवर लाल वण उमटला तर कल किंवा उंची अर्धा सेंटिमीटर बदला. लगेच जागा सोडू नका.

शौचालयाबद्दल कुणी बोलत नाही आणि हत्यारं तिथेच पडतात, तिथेच विसरली जातात. भारतीय पद्धतीच्या भांड्यावर उकिडवं बसताना मागचं हत्यार भांड्याच्या दिशेने कलंडतं. पट्टा सोडण्याआधीच होल्स्टरसकट हत्यार काढा आणि गळ्यात आडव्या अडकवलेल्या, चेन लावलेल्या पिशवीत ठेवा. खुंटीवर, टाकीवर, खिडकीत कधीच नाही. कमोडवर बसत असाल आणि होल्स्टर पट्ट्यावरच राहणार असेल तर पट्टा गुडघ्यांवर ताणून, बक्कल लावलेलं ठेवा, म्हणजे होल्स्टर शेजारच्या दाराखालून दिसणार नाही.

शेवटी घाम. कोकण, मुंबई, गोवा इथल्या हवेत अंगालगतच्या हत्याराला गंज चढायला फार दिवस लागत नाहीत, आणि पाठीच्या पन्हाळीतून घाम थेट पट्ट्यापाशी उतरतो. ४ च्या जागीही तो येतोच. रोज रात्री हत्यार रिकामं करून अंगाला लागलेली बाजू, हॅमरची खाच, मुठीचे स्क्रू आणि मॅगझीनचा तळ कोरड्या सुती फडक्याने पुसा, मग तेलाचा नुसता हात फिरवलेलं फडकं. तेल टपकेल इतकं लावलंत तर ते काडतुसाच्या टोपीत झिरपतं आणि ऐन वेळी गोळी उडत नाही. मिसफायर हा शब्द वापरायचाच असेल तर तो इथे वापरावा. चामड्याच्या होल्स्टरमध्ये रात्रभर हत्यार ठेवू नका, चामडं घाम धरून बसतं. होल्स्टर पंख्याखाली वाळू द्या, उन्हात नको. उन्हात वाळलेल्या चामड्याची कड आत वळते, आणि ती वळलेली कड काय करते ते वर आलंच आहे.